पिशवी रिकामी परत करावी

"पुस्तकं द्यायची तर हातात दे. पिशवीतनं देऊ नगंस," असं माझ्या सासूबाईंनी, मी वाचनालयाची पुस्तकं घरोघर द्यायला निघाले त्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्या तेव्हा लसूण सोलत होत्या. लसूण सोलताना माणूस जे बोलतं ते फार मनावर घ्यायचं नसतं, असा माझा समज. शिवाय मी मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. झालेली बाई. दाराच्या कडीला हात लावला तरी माझ्या डोळ्यांपुढे अख्खी वसाहत उभी राहते, आणि ती माणसांची नसते. मी त्यांना समजावलं, "आई, एक पुस्तक किती घरांत फिरणार. कुणाला खोकला, कुणाला खरूज. प्रत्येकाची पिशवी वेगळी असली की मला ती गरम पाण्यातून काढता येईल."

"खरूज कुणाला हाय?"

"कुणाला नाही. उदाहरण दिलं."

"मग उदाहरण तरी बरं द्यावं की." त्यांनी पाकळी वाटीत टाकली. "पिशवी दिलीस की ते भांडं झालं, प्रिया. मग बघ तू."

मी बघितलं नाही. हसले आणि शिवणयंत्रावर बसले. जुन्या पडद्याच्या, पिवळ्या फुलांच्या, तोंडाला ओढायचे बंद लावलेल्या पिशव्या शिवल्या. इतक्या देखण्या झाल्या की आमचे संग्राम, म्हणजे माझे यजमान, त्यातल्या एकीत जेवणाचा डबा घालून ऑफिसला निघाले होते. मी जिन्यातून परत आणली.

हे सगळं सुरू झालं ते मोनाच्या झोपेमुळे. मोना, आमची मुलगी, दुपारी फक्त खांद्यावर झोपते, आणि खांदा चालता असेल तरच. मी थांबले की तिचे डोळे उघडतात. त्यामुळे सगळं कसबा बावडा जेवून आडवं झालेलं असताना मी आपली गल्लीबोळांतून फिरत असायची. साखर कारखान्याचा हंगाम होता. हवेत मळीचा तो गोड, जड, अर्धवट आंबलेला वास. चिमणीतून उडालेली चिपाडाची काजळी अगदी सावकाश, घाई नसल्यासारखी खाली यायची. वाळत घातलेल्या चादरींवर, म्हशींच्या पाठीवर, मोनाच्या टोपड्यावर. रात्रीची झोप माझी पोरीचा श्वास ऐकण्यात जायची, म्हणून दुपारी मीही जवळजवळ झोपेतच चालायची. कधीकधी वाटायचं, आपण चालत नाही आहोत, हा रस्ताच आपल्याला हळूहळू मागे सरकवतोय.

अशाच एका तंद्रीत मी गल्लीतल्या वाचनालयाचा जिना चढले, कारण तिथे थंड वाटत होतं. वर अध्यक्ष विजयसिंह सर बसले होते. सर निवृत्त मुख्याध्यापक. "पंखा लावा" हेसुद्धा ते झेंडावंदनाच्या आवाजात सांगतात. त्यांच्या मागे भिंतीला ताजा रंगवलेला बोर्ड टेकवलेला होता: 'ज्येष्ठ व दुर्बल घटक घरपोच ग्रंथ व माहिती सेवा.' बोर्ड तयार होता. सेवा करणारं माणूस तेवढं मिळायचं होतं. वाचनालय सरकारी यादीत 'ड' वर्गात होतं, त्याला 'क' वर्गात जायचं होतं, आणि तपासणीचे साहेब कधीही येणार होते.

"तुम्ही रोज फिरताच," सर म्हणाले. "हातात पुस्तकं असली म्हणून बिघडलं कुठं?"

"पण सर, माहिती सेवा म्हणजे नक्की काय?"

"लोक विचारतील ते सांगायचं."

"आणि मला येत नसलं तर?"

"उद्या सांगते म्हणायचं. मी सगळी नोकरी त्याच्यावर काढली."

तर अशी मी 'सेवा' झाले. आमच्या नव्या इमारतीच्या मागे जी जुनी गल्ली आहे, तिथे माझे वाचक राहायचे. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबलेली, ट्रक हाकलेली, आता उंबऱ्यापाशी येऊन थांबलेली माणसं. वाचनालय पहिल्या मजल्यावर आणि यांचे गुडघे तळमजल्यावरचे, त्यामुळे दोघांची कधी भेटच झाली नव्हती.

यल्लाप्पा दादांनी नकाशांचं पुस्तक मागितलं. ते जुने ट्रक ड्रायव्हर. मोतीबिंदूमुळे पान नाकाला लावून ते बंगळूरपर्यंत बोटाने जायचे आणि वाटेत नकाशा काढणाऱ्याला शिव्या द्यायचे. "हितं घाट हाय, घाट! ह्या शान्यानं सरळ रेघ मारलीया. गेलता का कवा तू? मी गेलतो!"

गल्लीच्या अगदी टोकाला अंबूबाई. एक खोली, एक चूल, दारात लिंबाचं रोप आणि झेंडू. नवरा जाऊन जमाना झाला होता, मुलगा कामासाठी पुण्याकडे गेलेला. आम्ही दोघी एकाच विहारातल्या, त्यामुळे त्या मला बघितलं की "जयभीम, पोरी" म्हणून आत घ्यायच्या. अक्षरं त्या उतारवयात शिकलेल्या. "येत्यात की, पर एकेक करून येत्यात. लग्नाला आलेल्या पावण्यावानी. समदी जमंपतूर मागची उठून जात्यात." म्हणून त्यांनी चित्रांचं पुस्तक निवडलं. समुद्रातल्या माशांचं, मोठं, गुळगुळीत पानांचं, वाचनालयातलं सगळ्यात महागडं. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. दुपारी उंबऱ्यात बसून त्या पान उलटायच्या, आणि मी दारात उभी राहून झुलत असल्यामुळे मोना जागी झाली तरी रडायची नाही. ती खाली उतरून त्यांच्या मांडीवर जायची.

"मासं पापणी मिटत न्हाईत," अंबूबाई तिला सांगायच्या. "बघ, असं." मग दोघी एकमेकींकडे टक लावून बसायच्या. जिची पापणी मिटेल ती हरली. मोना हरायला आली की ओरडायची, "मासा झोपला!" आणि दोघी डोळे गच्च मिटून घ्यायच्या. बाहेर काजळी पडत असायची. मला त्या दारात फार शांत वाटायचं. तिथे माझ्या मनातले जिवाणूसुद्धा वामकुक्षी घ्यायचे.

माहिती सेवाही जोरात होती. एसटीला अर्धं तिकीट कुणाला, हयातीचा दाखला कुठे, डोळ्याचं शिबिर कधी. यल्लाप्पा दादांना मी शिबिराची तारीख काढून दिली, ते ऑपरेशन करून आले आणि त्यांना घाट पहिल्यापेक्षा स्पष्ट दिसू लागले. अंबूबाईंनी एकदाच विचारलं होतं, "माझ्या लेकाचा फोन का लागत न्हाय गं?" मी म्हटलं, "उद्या सांगते." सरांचं तंत्र.

आणि मग पिशव्या परत यायला लागल्या.

पहिली पिशवी यल्लाप्पा दादांकडून आली. मी नेहमीच्या उत्साहाने पुस्तक काढायला हात घातला तर तळाशी ओल्या शेंगा. मी किंचाळलेच. मोना ज्या वयाची आहे त्या वयाच्या मुलांच्या घशात शेंगदाणा अडकतो, हे मी इतक्या ठिकाणी वाचलं आहे की मला शेंगदाणा दिसत नाही, रुग्णवाहिका दिसते. दुसऱ्या पिशवीत गुळाची ढेप. तिसरीत वांगी. अंबूबाईंच्या पिशवीत चिंचेचा गोळा आणि ओंजळभर जोंधळे, धुतलेल्या फडक्यात बांधलेले.

"आई, हे काय आहे?"

सासूबाईंनी वांगं उलटंसुलटं करून पाहिलं. त्या गडहिंग्लजकडच्या, त्यांच्या गावात शेजारणीची वाटी आली तर ती चिमूटभर साखर तरी घालूनच परत जाते. "भांडं मोकळं कोन धाडंल? मी काय बोलले हुते? लसूण सोलत हुते म्हणून ऐकलं न्हाईस."

"पण ते भांडं नाही, वाचनालयाची पिशवी आहे!"

"बंद हायत न्हवं तिला? तळ हाय न्हवं? मग भांडंच की."

आता माझी पंचाईत अशी, की मी दर खेपेला त्याच पिशवीतून नवं पुस्तक नेत होते. म्हणजे त्यांच्या दृष्टीने भांडं पुन्हा भरून आलं. मग ते आणखी भरून परत जायला हवं. हा हिशेब मिटणाराच नव्हता. त्यात गल्लीत चढाओढ लागली. एकीने अंडी दिली म्हणून दुसरीने तूप दिलं. 'हृदयविकार टाळा' हे पुस्तक लोण्याच्या गोळ्यासह परत आलं आणि त्यातला आहाराचा अख्खा भाग पारदर्शक झाला. एका प्रवासवर्णनाला मिरचीच्या खर्ड्याचा असा वास लागला की वाचकाला हिमालयात ठसका यायचा.

संग्राम मात्र खूश. "ही सेवा तू कधी बंद करू नकोस," ते लोणी लावलेली भाकरी खात म्हणाले. वरच्या मजल्यावरच्या भैरवीताईंनी गॅलरीतून वाकून सल्ला दिला, "एवढा माल येतोय तर दुकानाचा परवाना काढा हो. नंतर लफडं नको." मी त्यांना जिन्यात उभं करून सार्वजनिक ग्रंथालय चळवळीचं महत्त्व सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वांगी काय भावाने आहेत ते विचारलं.

वाचनालयात मुंग्या झाल्या. सर सुरुवातीला याला 'वाचकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' म्हणत होते. त्यांच्या टेबलाच्या खणात शेंगांची टरफलं सापडायची. पण मुंग्यांनी ऐतिहासिक विभाग गाठला तेव्हा त्यांचा स्वर जरा खाली आला.

आणि ज्या दिवशी तपासणीचे साहेब आले, त्याच दिवशी यल्लाप्पा दादांनी ऑपरेशनच्या आनंदात कोंबडी पाठवली.

पिशवी मी स्वतःच वर नेली होती, हे मला नमूद करायला हवं. खांद्यावर मोना, डोळ्यांवर झोप, हाताला काहीतरी ऊबदार लागतंय एवढंच कळत होतं. मला स्वप्नातल्यासारखं वाटलं की नकाशांचं पुस्तक श्वास घेतंय. नवं आई झालेलं माणूस अशा गोष्टींनी दचकत नाही. सगळं जग रात्रंदिवस श्वास घेत असतं आणि आपण तो मोजत असतो. मी पिशवी टेबलावर ठेवली. पिवळ्या फुलांतून एक लाल तुरा वर आला. त्याने सरांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, मग बाकीची कोंबडी बाहेर आली आणि साहेबांच्या उघड्या फाइलवर बसली. अगदी पदर सावरून बसावं तशी.

पंखा फिरत होता.

"ही कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"सभासदांची," सर झेंडावंदनाच्या आवाजात म्हणाले.

"सभासद क्रमांक?"

यावर सरांकडेही "उद्या सांगतो" एवढंच उत्तर होतं. कोंबडी तिथून संदर्भ विभागाच्या कपाटावर उडाली. तिला काढायला सर स्टुलावर चढले, मी खालून शब्दकोशाने हुसकावलं, आणि या गोंधळात मोना जागी होऊन आयुष्यातलं पहिलं तीन शब्दांचं वाक्य बोलली: "कोंबडी पुस्तक वाचते." साहेब थंड डोक्याचे गृहस्थ. त्यांनी फाइल झटकली, 'इतर शेरे' या रकान्यात बराच वेळ काहीतरी लिहिलं, आणि जाताना शेंगा मात्र घेतल्या.

वाचनालय 'ड' वर्गातच राहिलं. त्याच आठवड्यात कार्यकारिणीने ठराव केला: पिशवी रिकामी परत करावी. हे वाक्य मी प्रत्येक पिशवीवर लाल मार्करने, माझ्या उत्तम अक्षरात लिहिलं. मार्कर कायमस्वरूपी होता.

गल्ली रुसली. यल्लाप्पा दादांनी पिशवी उलटी करून, आतला भाग बाहेर काढून, खिडकीच्या गजाला टांगून ठेवली. "बघून घ्या पावणं, काय ऱ्हायलंय का आत!" काल-परवापर्यंत मी 'पोरी' होते, आता 'पावणं' झाले. "आमची कोंबडी वाईट हुती व्हय?"

"दादा, तसं नाही हो. नियम झालाय."

"नियम सरकारचा आसतोय. माझ्या पिशवीत सरकार कशाला?"

मी फार दुखावले. मी यांच्यासाठी उन्हातून हिंडते, पिशव्या उकळते, आणि हे मला उलटी पिशवी दाखवतात! त्या सगळ्यांत मला एकच समंजस वाचक दिसत होती: अंबूबाई. कारण त्यांची पिशवी ठरावाच्या आधीपासूनच हलकी होत आली होती. चिंच आणि जोंधळ्यांनंतर नुसता कढीपत्ता आला. मग एक लिंबू. आणि शेवटच्या खेपेला झेंडूचं एक फूल, पुस्तकावर अलगद ठेवलेलं. मला ते इतकं आवडलं! किती सुटसुटीत, किती सुंदर. मी गल्लीत चारचौघींना सांगितलंसुद्धा, "अंबूबाईंकडून शिका जरा."

त्यानंतर त्यांची पिशवी आलीच नाही.

माशांचं पुस्तक त्यांना इतकं आवडायचं की ते त्यांनी पुन्हा मागून घेतलं होतं. मी गेले तर दार लोटलेलं. आतून आवाज आला, "वाचून हुयाचंय, पोरी." पुढच्या खेपेलाही तेच. मोना दारावर तळवे आपटून "मासा, मासा" करत राहिली, तरी दार उघडलं नाही. चित्रांचं पुस्तक वाचून व्हायला एवढा वेळ? सर म्हणाले, "महागडं पुस्तक आहे. तुम्ही कडक व्हा."

कडक कसं व्हावं, हे विचारायला मी सासूबाईंकडे गेले, कारण त्या विषयातला घरातला अधिकार त्यांचाच. त्या पिठाच्या डब्यापाशी होत्या. मी सगळं सांगितलं. कढीपत्ता, लिंबू, फूल, लोटलेलं दार. पिठातला त्यांचा हात थांबला.

"फूल? नुसतं फूल?"

"हो. किती साधं आणि छान ना, आई?"

"अगं बये," त्या हळू आवाजात म्हणाल्या. हळू आवाजात त्या कधीच बोलत नाहीत, त्यामुळे मला एकदम भीती वाटली. "माणूस भांड्यात फूल कवा घालतंय? घरात दुसरं काय न्हाय तवा."

मोना डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर वळली तरी मला कळतं. दुधाला उकळी यायच्या आधी वास येतो. आणि एक पिशवी डोळ्यांदेखत, माझ्याच हातात, खेपेगणिक हलकी होत गेली, आणि मी तिचं कौतुक केलं.

मी धावत जाऊन मोठा डबा काढला, त्यात तांदूळ ओतायला लागले. सासूबाईंनी माझ्या हातावर चापट मारली. "डबा ठेव खाली! आनि एक भांडं नेऊन ठेवतीस व्हय तिच्या उरावर? ते कशानं भरून धाडंल ती?" त्यांनी पदराचा ओचा केला, त्यात पीठ घेतलं, चार मिरच्या आणि मीठ टोकाला बांधलं, आणि निघाल्या. मी मोनाला घेऊन मागे.

अंबूबाईंच्या दारात सासूबाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "अंबूअक्का, जयभीम! अवो, माझा गॅस संपलाय! तुमच्या चुलीवर दोन भाकरी थापू का?"

मी म्हणणार होते की आई, कालच तर सिलिंडर आलं. सासूबाईंचा पाय माझ्या पायावर पडला. त्या वजनदार आहेत.

मग कडी वाजली. "या की," अंबूबाई म्हणाल्या. "चूल काय कुणाची मक्त्याची हाय?"

आत स्वच्छ होतं. फार स्वच्छ. फळीवर सगळे डबे, पातेली, तवा, घासूनपुसून ओळीने मांडलेले, आणि सगळे उपडे. खुंटीला पिवळ्या फुलांची पिशवी, धुतलेली, घडी मोडू नये अशी टांगलेली, आत पुस्तक. माझं लाल अक्षर खोलीत दुसरं काही दिसू नये इतकं ठळक होतं.

सासूबाईंनी चूल पेटवली. भाकरी फुगली तशी मोना टाळ्या पिटायला लागली. "एकटीला जेवायचं माझ्या जिवावर येतंय," असं म्हणत सासूबाईंनी तीन भाकरी केल्या आणि स्वतः चतकोर खाल्ली. अंबूबाई सावकाश जेवल्या. घाई न करता, घास मोडून, पाहुणीला कमी पडू नये असं बघत. जेवण झाल्यावर सासूबाईंनी नुसतं विचारलं, "रेशन कवापास्नं बंद हाय?"

अंबूबाईंनी अंगठा पुढे केला. ऊस तोडून, चिपाडं बांधून तो भांड्याच्या बुडासारखा गुळगुळीत झाला होता. "मशीन वळखत न्हाय. ते म्हनतंय, ही बाई न्हवंच. दुकानवाला तरी काय करील?"

"पण आजी, मला विचारायचं ना!" माझा आवाज चिरकला. "माहिती सेवा होती ना माझी! बोर्डावर लिहिलंय!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा आश्चर्यानेच. "मोकळी पिशवी घेऊन कसं इचारायचं, पोरी?" मग खुंटीकडे बघत म्हणाल्या, "माझ्या सासूच्या हातनं गेलेलं भांडं कुणी घेत नव्हतं. बाहीरच ठेवायची, वरनं पानी शिंपडायची. आता लोकं घेत्यात, तू तर मिरवत न्हेतीस. मग मोकळं कसं धाडू?"

मोना त्यांच्या मांडीवर चढून टक लावून बसली होती. त्यांनी पापणी मिटली नाही. तरी डोळ्यांतून पाणी आलंच. मासा हरला की नाही ते कुणालाच ठरवता आलं नाही.

पुढचे दिवस धुक्यात गेल्यासारखे गेले, फक्त त्या धुक्यात रांगा होत्या. रेशन दुकानदार म्हणाला, अंगठा नको, मोबाइलवर चेहरा दाखवून काम होतं. मोबाइल म्हणाला, आधी आधार कार्डाला जोडलेल्या नंबरावर आकडे पाठवलेत ते सांगा. आकडे गेले होते मुलाच्या नंबरवर, जो लागतच नव्हता. अंबूबाईंनी फार पूर्वी मला हाच प्रश्न विचारला होता, आणि माझा 'उद्या' अजून उगवायचा होता. नंबर बदलायला आधार केंद्रात गेलो तर खिडकीतला मुलगा म्हणाला, "अंगठा लावा."

"अहो, अंगठा उठत नाही म्हणूनच तर आलोय!"

"मग नंबर कसा बदलणार?"

"नंबर बदलला तर अंगठा लागणार नाही ना!"

"ते पुढचं झालं, मॅडम."

सासूबाईंनी मला बाजूला सारलं आणि खिडकीत डोकं घातलं. "डोळं हायत की तिला. डोळं घे." मुलाने डोळ्यांचं यंत्र काढलं. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, दुसऱ्याने काम भागलं. नंबर माझा दिला. तेव्हापासून अंबूबाईंचे सगळे आकडे माझ्या फोनवर येतात, आणि प्रत्येक वेळी मी दचकते.

चेहऱ्याचं काम दुकानाच्या पायरीवर झालं. मी फोन धरला. फोन म्हणाला, डोळे मिचकवा. अंबूबाईंनी पडद्यावर स्वतःला पाहिलं आणि टक लावून बसल्या, अगदी माशासारख्या.

"आजी, पापणी मिटा!"

त्या मिटेनात. यंत्रापुढे हरायचं नाही असं त्यांनी ठरवलं असावं. "असं, असं," म्हणत दुकानदाराने डोळे मिचकावले. रांगेतल्या बायकांनी मिचकावले. यल्लाप्पा दादा काठी टेकत आले होते, रुसवा घरी ठेवून. त्यांनी नवा डोळा मिचकावला. सासूबाईंनी मिचकावला तेव्हा फोनने चुकून त्यांनाच टिपलं आणि 'चेहरा जुळत नाही' असं सांगितलं. "माझा का जुळंल? मी गडहिंग्लजची," त्या म्हणाल्या. सगळी रांग दुपारच्या उन्हात डोळे मिचकावत उभी होती, काजळी पडत होती, आणि मला खरंच कळेना, मी जागी आहे की नाही.

तेवढ्यात खांद्यावर मोना जागी झाली. तिने फोनकडे पाहिलं नाही. अंबूबाईंकडे पाहिलं आणि ओरडली, "मासा झोपला!"

अंबूबाईंनी डोळे गच्च मिटले, आणि उघडले. फोन म्हणाला, झालं.

धान्य मात्र पुढच्या महिन्यापासून मिळणार होतं. तोपर्यंत आमचा गॅस रोज संपत होता. संग्राम एकदा म्हणाले, "सिलिंडरवाल्याकडे तक्रार करू का?" सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते भाकरीकडे वळले. एके दिवशी यल्लाप्पा दादांचाही गॅस संपला. त्यांच्या सुनेने ओच्यात अंडी आणली होती.

त्याच दरम्यान अंबूबाई मला म्हणाल्या, "पोरी, पुस्तक न्हे आता. तुझ्या सराचा जीव टांगनीला लागला आसंल."

"नेते. पण आजी, नियम आहे. रिकामीच द्यायची आहे."

"नियम ऱ्हाऊ दे तुझ्याकडं." त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली आणि मोनाला जवळ घेतलं. "काल दुपारच्याला मला सपान पडलं. ते घालते. त्याला मुंग्या लागत न्हाईत."

आणि त्यांनी पिशवीचं तोंड उघडून आत तोंड घातलं आणि बोलायला सुरुवात केली. हळूहळू, कुजबुजत. मोना कान लावून बसली. माझ्यापर्यंत तुकडेच आले: उसाच्या फडात पाणी भरलं होतं म्हणे, निळं, आणि पानांमधून मासे चालले होते, ते मोठे, गुळगुळीत पानावरचे, आणि चिमणीतली काजळी खाली पडण्याऐवजी वर वर चालली होती, आणि बांधावर कुणीतरी फोन कानाला लावून उभं होतं. मग त्यांनी बंद ओढून गाठ मारली. पिशवी मोनाच्या हातात दिली. "तोंड घट्ट धर. सांडंल."

मोना वाचनालयाचा जिना पहिल्यांदाच स्वतःच्या पायांनी चढली. दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड आवळून. सर म्हणाले, "आलं का पुस्तक? पिशवी रिकामी आहे ना?"

"न्हाय," मोना म्हणाली.

सरांनी गाठीला हात लावला, तसं तिने असं भोकाड पसरलं की ऐतिहासिक विभागातल्या उरलेल्या मुंग्या निघून गेल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. मग सरांनी पुस्तक जमा झाल्याची नोंद केली आणि पिशवी, तशीच बांधलेली, कोंबडी बसली होती त्या कपाटावर ठेवली. अजून तिथेच आहे. मासे हवे असलेल्या वाचकाला सर म्हणतात, "उद्या देतो."

ठराव कार्यकारिणीने मागे घेतला नाही, पण आता कुणी पाळत नाही. पिशव्यांवरचं लाल अक्षर मी गरम पाण्यात घालून पाहिलं, ते जात नाही.

धान्य आलं त्या दुपारी अंबूबाईंनी आमच्या घरी वाटी पाठवली. मूठभर तांदूळ, वर लिंबू. सासूबाईंनी वाटी रिकामी केली, धुतली, आणि ती कशाने भरावी याचा इतका वेळ विचार करत बसल्या की लसूण सोलायचा राहिला.

आता एक काम तुमच्याकडे. तुमच्या स्वयंपाकघरातला एक डबा हरवलेला असेल. प्रत्येकीचा असतो. आठवून बघा, तो कुणाकडे राहिलाय. तळमजल्यावरच्या मावशींकडे, मागच्या गल्लीतल्या आजोबांकडे, कधीतरी खीर देऊन आलात तो. 'लोक भांडी परत करत नाहीत' असं तुम्ही म्हणालाही असाल. आज दुपारी तिकडे जाऊन या. डबा मागू नका. गॅस संपलाय म्हणा. आणि आत गेलात की फळीवरची भांडी उपडी आहेत का, तेवढं बघा.